पंचेचाळीस किलोची खतीजाबी

शिरड शहापूरची खतीजाबी मनियार कुणाशीही बोलताना आधी तोंडाकडं बघत नाही, हाताकडं बघते. नव्या माणसाला वाटतं, बाई मोठी गर्वाची दिसते. तसं काही नाही. बायकांचे हात दाबून, अंगठा तळव्यात मुडपून त्यांत काचेच्या बांगड्या चढवण्यात तिची छत्तीस वर्षं गेली. समोर आलेल्या बाईला सव्वादोनची बांगडी बसेल की अडीचची, हे ती रस्त्याच्या पलीकडून सांगते. नाव मात्र दहादा विचारते.

हे सगळं तिला सासूनं शिकवलं. सासूचं एकच सांगणं होतं: मोकळ्या हाताचं माप खोटं, दाबलेल्या हाताचं खरं. बाई हात मोकळा सोडून पुढं करते तेव्हा तिला सगळंच बसेल असं वाटतं. मनियारणीनं त्याला भुलायचं नाही. हात दाबायचा, हाडं एकमेकांवर येऊ द्यायची आणि मग माप धरायचं. भरताना बांगडी वाढली, म्हणजे फुटली, तर ती मनियारणीच्या अंगावर. गिऱ्हाईक त्याचे पैसे देत नाही आणि मनियारीण मागतही नाही. म्हणून माप चुकणं परवडत नाही.

सासू डोक्यावर टोपली घेऊन गावोगाव पायी जायची. खतीजाबी सून म्हणून आली तेव्हा तिच्या नवऱ्यानं, कादरनं, सायकल घेतली आणि साजीद, म्हणजे त्यांचा मुलगा, शाळेत जायला लागला तेव्हा जुनी मोटरसायकल. पुढं कादर, मागं दोन्ही पाय एका बाजूला सोडून खतीजाबी, आणि तिच्या दोन्ही अंगांना बांगड्यांनी भरलेल्या गोणपाटाच्या पिशव्या. त्या पिशव्या कादर ट्यूबच्या कापलेल्या पट्ट्यांनी सीटवरून आवळायचा. असं ते जोडपं औंढ्यापासून कुरुंद्यापर्यंतच्या सगळ्या गावांना माहीत होतं. घरात दोघं दखनीत बोलतात, बाहेर मराठीत. आपण सगळं मराठीतच ऐकू, म्हणजे त्यांची भांडणंही नीट कळतील.

आता कुरुंद्याच्या घराचं सांगायला हवं, कारण खतीजाबीचा जीव अडकला होता तो तिथं. विश्वंभरराव तिथल्या शाळेत कारकून. गावातल्या देवळाची पूजा त्यांच्या घराकडं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. त्या घरातल्या प्रत्येक नवरीचा चुडा याच मनियारांच्या घरानं भरलेला. विश्वंभररावांची बायको ताराबाई लग्न होऊन त्या घरात आली, तेव्हा पहिल्या सणाला खतीजाबीच्या सासूनं तिला पुढं बसवलं आणि म्हणाली, आज तू भर. खतीजाबीनं एकटीनं भरलेले ते पहिले हात. तेव्हा घाम ताराबाईंना फुटला होता की खतीजाबीला, यावर दोघी अजून वाद घालतील. पुढं दिपा झाली, अनुश्री झाली, मुकुल झाला. पोरींच्या इवल्या मनगटांपासून त्यांचे हात खतीजाबीच्याच हातांतून मोठे झाले.

दोन वर्षांपूर्वी दिपाचं लग्न ठरलं. चुडा भरायच्या दिवशी सकाळी कादर आणि खतीजाबी निघाले. पिशवीत नवरीच्या हिरव्या बांगड्या, वर घरातल्या बायकांसाठी रंगीत. मोटरसायकलला डाव्या बाजूला साडी गार्ड असतो, बायकांचा पदर चाकात जाऊ नये म्हणून. उजवी बाजू उघडीच असते. बांधताना ट्यूबच्या पट्टीचं टोक वीतभर जास्त राहिलं होतं आणि कादरनं ते तसंच लोंबतं सोडलं. कुरुंद्याच्या अलीकडच्या वळणावर ते टोक मागच्या चाकाच्या तारांत गेलं. चाकानं पट्टी ओढली, पट्टीनं पिशवी ओढली आणि गाडी जागच्या जागी आडवी झाली. कादरला खरचटलं. खतीजाबीचा उजवा गुडघा फुटला. बांगड्यांचं म्हणाल तर रस्त्यावर हिरवा चुरा पडला होता, आणि रक्तबंबाळ गुडघ्यानं खतीजाबी तो चुरा हातानं गोळा करत बसली होती.

दवाखान्यातून कादरनं फोन केला. तिकडं घाईघाईत वसमतच्या दुकानातून बांगड्या आणल्या गेल्या आणि दुकानातल्याच एका पोरीनं दिपाचे हात भरले. विश्वंभररावांच्या घरातलं कुणी एक शब्द बोललं नाही. खतीजाबीला तेच जास्त लागलं. नवरीचा चुडा वाटेतच वाढला, यापेक्षा वाईट ते काय असतं? शिव्या घातल्या असत्या तर रडून मोकळी झाली असती. गप्प राहिले म्हणजे मनात धरलं, असं तिनं धरलं.

त्यानंतर ती कुरुंद्याला गेली नाही. गुडघा चार महिन्यांत भरला, पण गाडीवर ती पुन्हा बसली नाही. गावातली गिऱ्हाइकं आणि आठवडी बाजारापुरता धंदा उरला. बाजाराला जीपनं जायची. कुणी विचारलं तर म्हणायची, गुडघा साथ देत न्हाई.

आणि यंदा, हळद शिजवायच्या दिवसांत, ताराबाईंचा फोन आला.

"खतीजाबी, अनुश्रीचं लग्न ठरलं. मंगळवारी चुडा भरायचाय. तुमालाच यायचंय."

दोन वर्षं जे ऐकायला खतीजाबीचे कान आतुरले होते ते ऐकायला मिळालं होतं. तेवढ्यात ताराबाई पुढं म्हणाल्या, "तुमी गाडीवर नका येऊ. मुकुलला कार घेऊन धाडते तुमाला न्यायला."

झालं. दुधात मिठाचा खडा पडला. खतीजाबीनं त्याचा अर्थ काढला तो असा: बोलवायचं तर आहे, पण तुमच्या गाडीवर आमच्या पोरीचा चुडा सोपवणार नाही.

"काहून?" ती म्हणाली. "आमची गाडी हाये की. आमी येऊ आमच्या गाडीवर, बराबर दहाला."

तिनं फोन ठेवला. कादर ओट्यावर बसून ऐकत होता.

"गाडीवर?" त्यानं विचारलं. "दोन सालांत तू गाडीला हात लावला न्हाई."

"मंग आता लावते. तुमी फकस्त अशी पिशवी बांधा की एक बांगडी हलली न्हाई पायजे. या टायमाला काई झालं तर मी त्या घरात परत तोंड दाखवणार न्हाई. आणि दुसऱ्या कुणाच्या घरातबी न्हाई. टोपली फेकून देते अन बसते घरी."

कादरनं तिच्याकडं बघितलं. ही बाई रागात पुष्कळ काही फेकून देते, पण हे तिनं रागात म्हटलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो औंढ्याला संतरामकडं गेला. संतराम बस स्टँडजवळ गाड्यांची सीट कव्हरं शिवतो. दूधवाल्यांच्या, सेल्समनच्या गाड्यांना लावायच्या जोडपिशव्याही शिवतो. माणूस तोंडाचा फटकळ, पण त्याच्या टाक्याला नाव ठेवायची कुणाची छाती नाही.

"कादरभाई, पिशवी शिवणं सोपं हाय," संतराम म्हणाला. "बांधणं अवघड. लोक माझ्याकडून पिशवी नेतात अन घरी जाऊन सुतळीनं बांधतात. मंग पडले की म्हणतात संतरामची पिशवी वाईट."

त्यानं जाड कॅनव्हासच्या दोन पिशव्या शिवल्या, तळाला फळी घातली म्हणजे पिशवी फुगून चाकाकडं जाणार नाही. दोन रुंद पट्टे सीटवरून, त्यांना बक्कल. शिवाय प्रत्येक पिशवी पुढं आणि मागं गाडीच्या सांगाड्याला बांधायला वेगळा पट्टा, हेलकावे बंद व्हावेत म्हणून. उजव्या बाजूला शेजारच्या वेल्डिंगवाल्याकडून सळई वाकवून डावीकडच्यासारखाच गार्ड बसवून घेतला. डावी पिशवी थोडी मागं सरकवली, कारण खतीजाबीचे पाय त्या बाजूला यायचे. मागचा लाल लाइट आणि इंडिकेटर उघडे राहतील, हे त्यानं दहा पावलं मागं जाऊन, एक डोळा मिटून बघितलं. पट्ट्यांची उरलेली टोकं कात्रीनं कापली आणि जी कापता येईनात ती दुमडून आत खोवली.

"लोंबतं काईच ठेवायचं न्हाई," तो म्हणाला.

"ते मला सांगू नको," कादर म्हणाला. "ते मी शिकलो."

संतरामनं मग उजव्या पिशवीच्या तळाखाली आपली चार बोटं घातली. "सायलेन्सरपासून एवढं अंतर. कमी झालं तर कापड जळलंच म्हणून समजा. अन मेन गोष्ट. वहिनीला घेऊन या. त्यांना बसवून पट्टे आवळू."

इथं कादर अडला. खतीजाबी येणार नव्हती. त्यानं आदल्या रात्रीच विचारून बघितलं होतं. तिनं सासूचा रिवाज पुढं केला: मनियारीण मालाच्या पिशव्या घेऊन निघाली की कुणाचा तरी हात भरल्याशिवाय परत फिरत नाही, उगाच चक्कर मारायला ती निघत नाही. पिशवीत बांगड्या नसतील, ज्वारी असेल, असं कादर म्हणाला. पिशवी मालाचीच हाये ना, असं ती म्हणाली. तिथं विषय संपला.

"न्हाई येणार ती," कादर म्हणाला.

"मंग त्यांच्या वजनाचं पोतं ठेवू. किती वजन हाये वहिनीचं?"

कादर घोटाळला. लग्नाच्या वर्षी दोघं परभणीला गेले होते, तेव्हा स्टँडवरच्या काट्यावर नाणं टाकून खतीजाबीनं वजन केलं होतं. काट्यातून निघालेल्या चिठ्ठीवरचा आकडा कादरला पाठ होता. त्यानंतर छत्तीस वर्षांत ना तिनं सांगितलं, ना त्यानं विचारलं.

"पंचेचाळीस," तो म्हणाला.

संतरामनं खतीजाबीला औंढ्याच्या बाजारात दर आठवड्याला पाहिलं होतं. त्यानं कादरकडं पाहिलं. कादरच्या चेहऱ्यावर चेष्टेचं नाव नव्हतं. दुसऱ्याच्या बायकोच्या वजनावरून हुज्जत घालायला संतरामचाही धीर झाला नाही. त्यानं गप्प पंचेचाळीस किलोचं ज्वारीचं पोतं सीटवर ठेवलं आणि पट्टे आवळले. बक्कल कुठल्या भोकात बसलं ते कादरनं खडूनं खूण करून ठेवलं.

मग कादरनं परीक्षा घेतली. दोन्ही पिशव्यांत बारा-बारा किलो ज्वारी, वर तुसात अंड्यांचा एकेक ट्रे, आणि निघाला एकटाच, जिल्ह्यातले झाडून सगळे खड्डे हुडकत. परत आला तेव्हा साठच्या साठ अंडी शाबूत. गल्लीभर त्यानं ती दाखवली. पुढं तीन दिवस त्या घरात अंड्याशिवाय काही शिजलं नाही आणि खतीजाबीनंही तक्रार न करता खाल्लं, हे विशेष.

मंगळवारी सकाळी तिनं स्वतः बांगड्या भरल्या. हिरव्या उजव्या पिशवीत, कारण उजवं अंग शुभ. प्रत्येक माळ कागदात, कागद तणसात. ओढणी कमरेला खोचून ती गाडीपाशी आली आणि उभीच राहिली. कादर पुढं बसून वाट बघत होता. त्यानं मागं वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर ती कदाचित बसली नसती. शेवटी तिनं त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि बसली. सीट तिच्याखाली दबली. तेवढं तर दबणारच, असं कुणालाही वाटलं असतं.

पहिले दोन मैल तिनं डोळे मिटून दुवा म्हटली. मग एक डोळा उघडला. शेतांत हळद शिजत होती, कढयांवरून पांढरी वाफ निघत होती, ओळखीच्या बायका पाट्या घेऊन चालल्या होत्या. त्यांतल्या एकीनं हात केला. खतीजाबीनंही केला आणि तिला एकदम बरं वाटलं. दोन वर्षं रस्ता तिनं बाजाराच्या जीपच्या खिडकीतूनच बघितला होता. गाडीवरून तो वेगळा दिसतो.

कुरुंदा तीनेक कोसांवर राहिलं असताना तिला वास आला.

"काईतरी जळून राहिलं," ती म्हणाली.

"हळदीच्या कढया चालू हायेत. त्याचा वास."

"हळद मी जन्मल्यापासून हुंगून राहिले. थांबवा गाडी."

कादरनं गाडी बाजूला घेतली आणि ती उतरली. उजव्या पिशवीच्या तळातून धुराची बारीक रेघ निघत होती. बक्कल ओढताना कादरचा हात सायलेन्सरला लागला, बोटं भाजली, पण त्यानं पिशवी खाली घेतली. कॅनव्हासला रुपयाएवढं भोक पडलं होतं. फळीची कड काळी झाली होती आणि आत तणस धुमसत होतं. त्यानं पाण्याची बाटली त्यावर ओतली.

खतीजाबी रस्त्याच्या कडेला मांडी घालून बसली. गुडघ्याचं भानही तिला राहिलं नाही. एकेक माळ बाहेर काढून, जळका कागद सोलून, ती बांगडीवर बांगडी हलकेच वाजवून बघू लागली. तडा गेलेली बांगडी बद्द वाजते, आख्खी खणकन वाजते. कादर भाजलेली बोटं तोंडात धरून उभा होता. एका बद्द आवाजाची वाट बघण्याइतकं वाईट काम जगात नाही.

पहिली माळ खणकन वाजली. दुसरी वाजली. काजळी धरलेल्या काचेवरून ती ओढणीचं टोक फिरवायची आणि खालून हिरवा रंग वर यायचा. सगळ्या माळा तिनं वाजवल्या. एकही बांगडी गेली नव्हती. अजून पाच मिनिटं गाडी चालली असती तर काय झालं असतं, ते दोघांनाही कळत होतं.

फोन वाजला. मुकुलचा होता. "मावशी, कुठवर आल्या? आई विचारून राहिली. कार घेऊन येऊ का?"

खतीजाबीनं भोक पडलेल्या पिशवीकडं बघितलं. एक 'हो' म्हटलं की दहा मिनिटांत कार आली असती. कादर मान खाली घालून दुसरीकडं बघत होता. त्याला बघून तिला वाटलं, हा माणूस आपल्यासाठी जिल्हाभर खड्डे हुडकत फिरला.

"येऊन राहिलो बाबा," ती म्हणाली. "थोडा उशीर होईल."

फोन बंद झाल्यावर कादर म्हणाला, "चार बोटं अंतर होतं. बराबर मापलं होतं. पोतं ठेवून मापलं होतं."

"कसलं पोतं?"

हे त्यानं तिला सांगितलेलं नव्हतं. "तुझ्या जागी. तुझ्या वजनाचं."

"किती किलोचं?"

कादरनं मान खाजवली. "पंचेचाळीस."

खतीजाबीचे खांदे हलायला लागले. कादरला वाटलं रडते. ती हसत होती. हसता हसता तिला ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, तोंडावर काजळी फासली गेली.

"अवो," ती म्हणाली, "आपला साजीद सातवीत होता तवा पंचेचाळीसचा होता. मी बाहत्तर हाये. सरकारी दवाखान्यात काट्यावर बघितलं."

"मला काय ठाव."

"विचारायचं मला."

"बाईमाणसाला वजन विचारतात काय?" कादर म्हणाला. तो खरोखर गंभीर होता, आणि त्यामुळं तिला आणखी हसू आलं.

हसणं थांबल्यावर तिनं ओढणीनं तोंड पुसलं. मग म्हणाली, "चूक तुमची न्हाई. मी बसायला पायजे होतं. रिवाज-बिवाज काई न्हाई, सासूबाईचं नाव मी उगंच घेतलं. मला भ्या वाटत होतं."

"मला ठाव होतं," कादर म्हणाला.

"मंग बोलले काहून न्हाई?"

"तू रिवाज म्हणाली. मी म्हणलं, असू दे रिवाज."

छत्तीस वर्षांचा संसार असाच झाला होता. एकानं पांघरूण घ्यायचं आणि दुसऱ्यानं ते ओढायचं नाही. गोष्ट चांगलीच, पण त्यापायी पिशवी जळायची वेळ आली, हेही खरं.

खतीजाबी उठली. "गाडी डबल स्टँडवर लावा. मी बसते. मी बसल्यावर पट्टा आवळा. मोकळ्या हाताचं माप तुमी घेतलं, आता दाबलेल्या हाताचं घ्या."

ती बसली. जुना फोम खाली गेला, त्याबरोबर सीटवरचे पट्टे सैल झाले आणि पिशव्या खाली आल्या. कादरनं ते आता डोळ्यांनी बघितलं. पंचेचाळीस किलोला फोम एवढा कधी दबलाच नव्हता. त्यानं बक्कल एक भोक वर घेतलं, मग दुसरं, मग तिसरं. खडूची खूण कुठल्या कुठं राहिली. पिशवीतलं भोक तळाशी अंथरलेला ओला गोणपाट दुमडून आतून बंद केलं. मग सायलेन्सर आणि पिशवी यांच्यामध्ये भाजलेल्या हाताचीच चार बोटं घालून बघितली. बसली. डावीकडंही तेवढंच केलं, नाहीतर एक बाजू ओढली असती.

"निघा," ती म्हणाली. "अन दहा मिन्टांनी थांबा. हात लावून बघू."

दहा मिनिटांनी थांबले. खतीजाबीनं पिशवीच्या तळाला हात लावला. थंड होता. आणखी दहा मिनिटांनी ती पुन्हा थांबवायला निघाली, तेव्हा कादर म्हणाला, समोर बघ, गाव आलं.

साडेअकरा वाजले होते. विश्वंभररावांच्या अंगणात मांडव पडला होता, ओसरीत बायका सतरंजीवर वाट बघत बसल्या होत्या. ताराबाई पायरी उतरून पुढं आल्या. खतीजाबीनं ठरवलं होतं की आधी पिशवी उघडून दाखवायची, बघा, एकही गेली न्हाई, आणि मगच आत पाऊल टाकायचं. ती पट्टे सोडायला वाकली. ताराबाईंनी पिशवीकडं पाहिलंच नाही.

"गुडघा कसाय तुमचा?" त्यांनी विचारलं.

"बरा हाये."

"म्हणूनच म्हणलं होतं, कार धाडते. या रस्त्यानं गाडीवर बसून गुडघ्याचं काय व्हायचं." ताराबाईंचा आवाज खाली आला. "खतीजाबी, आमच्या पोरीच्या चुड्यापायी तुमी रस्त्यावर पडल्या, अन आमच्या घरातलं एक माणूस तुमाला दवाखान्यात बघायला आलं न्हाई. मुहूर्ताची घाई होती, हे खरं. पण नंतरही आलो न्हाई, कारण मंग तोंड न्हवतं. तुमी यायच्या बंद झाल्या, आमी समजलो, रागावल्या. दोन वर्षं फोन हातात घेते अन ठेवते. तुमी फोनवर न्हाई म्हणाल्या असत्या तर मी काय करणार होते."

दोन वर्षं ज्या गप्प राहण्याला खतीजाबीनं राग समजलं होतं, ती लाज होती. अगदी तिच्यासारखीच. तिनं नुसती मान हलवली आणि काळी झालेली ओढणी तोंडाला लावली.

मग ती सतरंजीवर बसली आणि अनुश्रीचे हात भरले. एका हातात अकरा, दुसऱ्यात अकरा. एकही वाढली नाही. पोरीनं एकदाही हाय म्हटलं नाही. बायका म्हणाल्या, याला म्हणतात भरणं. कादर अंगणात संतरामच्या पट्ट्यांची कहाणी पाहुण्यांना सांगत होता. वजनाचा भाग तेवढा त्यानं गाळला.

अनुश्री उठली आणि तिच्या जागी दिपा येऊन बसली. माहेरी लग्नाला आली होती. तिनं दोन्ही हात पुढं केले. दोन्ही मोकळे होते.

"मावशी, आता माझ्या," ती म्हणाली. "दुकानातल्या आज सकाळीच काढून ठेवल्या. लग्नातल्या माझ्या राहिल्यात तुमच्याकडं."

खतीजाबीनं तिचा हात हातात घेतला, अंगठा आत मुडपला. हा हात ती पाळण्यापासून ओळखत होती. पहिली बांगडी गेली, दुसरी गेली. तिसरी चढवताना तिच्या डोळ्यांपुढं सगळं हिरवं होऊन पाझरायला लागलं, हात हलला आणि बांगडी वाढली. ओसरीत तो आवाज सगळ्यांना ऐकू गेला. दिपाच्या मनगटावर रक्ताचा थेंब आला. सबंध वाट जी गोष्ट होऊ नये म्हणून तिनं जीव मुठीत धरला होता, ती तिच्या स्वतःच्या बोटांत, सगळ्यांच्या समोर झाली होती.

ताराबाई खाली बसल्या आणि काचेचे तुकडे एकेक करून स्वतःच्या पदरात वेचू लागल्या. दिपानं हात मागं घेतला नव्हता. उलट तिनं अंगठा आणखी आत ओढून धरला.

"मावशी," ती म्हणाली, "या हातात अजून नऊ राहिल्यात."